प्रोजेक्टरवरचा हात

वसुधाताईंची आणि माझी पहिली भेट इथे परदेशात, ट्रुगानिना उपनगरातल्या शनिवारच्या मराठी शाळेत झाली. पुण्यात शाळेतल्या मुलांना कॉम्प्युटर शिकवून निवृत्त झालेल्या ताई इथे मुलाकडे राहायला आल्या आणि आमच्या मुलांना प्रेझेंटेशन करायला शिकवू लागल्या. मी त्यांची मदतनीस. म्हणजे वायरी जोडणारी आणि बोलणी खाणारी.

त्यांचे नियम साधे होते. एका स्लाइडवर एक चित्र आणि फार तर चार शब्द. कोणाची अक्षरं गिरक्या घेत पडद्यावर आली, की ताई विचारीत, "ही काय माशी आहे का रे?"

एकदा दहा वर्षांच्या आर्यनने आजोबांवर स्लाइड केल्या, त्याही मजकुराने गच्च भरलेल्या. आमच्याकडे पाठ फिरवून तो घडाघडा वाचू लागला. ताई उठल्या आणि त्यांनी प्रोजेक्टरच्या भिंगासमोर तळहात धरला. पडदा काळा झाला.

"ताई, आय कान्ट सी इट!"

"दिसायला कशाला हवं? आजोबा तुझेच ना? मग सांग."

तो आमच्याकडे वळला. मग हळूच म्हणाला, "आजोबा चहा बशीत ओततात. अँड... खूप आवाज करतात."

वर्ग हसला. सगळ्यांत जास्त ताई हसल्या.

नाशिकला माझे बाबा वारले, तेव्हा मला वेळेवर पोचता आलं नाही. इथे घरात बसून मी त्यांच्या फोटोंच्या स्लाइड करत राहिले. फोटो सरकव, फॉन्ट बदल, पुन्हा सरकव. ताई खिचडीचा डबा घेऊन आल्या. थोडा वेळ त्यांनी पाहिलं आणि लॅपटॉप मिटून म्हणाल्या, "पुरे. आता सांग, कसे होते?" बाबा गेल्यावर मी पहिल्यांदा रडले ते तेव्हा.

गेल्या हिवाळ्यात ताईंना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला, वाचाही गेली. त्यांना कळतं सगळं, बोलता येत नाही. ज्यांनी आमच्या मुलांना बोलतं केलं, त्यांचीच वाचा जावी याचा मला देवावर राग आहे, आणि त्यांच्या पंच्याहत्तरीच्या या गौरवग्रंथात लिहितानाही तो मी लपवणार नाही.

पंच्याहत्तरीनिमित्त शाळेत छोटा समारंभ झाला. ताई व्हीलचेअरवर, प्रोजेक्टरच्या शेजारी होत्या. मी त्यांच्यावर चाळीस स्लाइड केल्या होत्या, त्यांचे सगळे नियम मोडून, मजकुराने भरलेल्या. पडद्याकडे बघून वाचलं, की त्यांच्याकडे बघावं लागणार नव्हतं.

तिसऱ्या स्लाइडला पडदा काळा झाला. मी वळून पाहिलं. ताईंचा डावा हात भिंगासमोर आला होता. त्यांचे ओठ हलले, शब्द उमटला नाही. तो कोणता, हे तिथल्या प्रत्येक मुलाला कळलं. मला मात्र एकही वाक्य बोलता आलं नाही. मी रडत खाली बसले, तरी तो हात कितीतरी वेळ तिथेच होता.

म्हणून हे लिहिते आहे. ताईंना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. डॉक्टर फारशी आशा देत नाहीत. तरी त्यांचा आवाज परत यावा, असं मी रोज मागते. आणि त्या दिवशी जे सांगायचं राहिलं, ते एवढंच होतं: ताई, या देशात मला 'सांग' म्हणणारं तुमच्याशिवाय कोणी नव्हतं.