केणी सरांची फुलपाखरू मंडळी

फुलपाखरं मोजणं हे तसं शांत काम. पळायचं नाही, ओरडायचं नाही, कुणाच्या अध्यातमध्यात जायचं नाही. असं असताना आमच्या चौघांच्या हातून इतके घोळ कसे झाले, हे मला अजून कळलेलं नाही. आमच्या वहीत उजवं पान फुलपाखरांसाठी होतं आणि डावं 'इतर नोंदी'साठी. दोन वर्षांत डावी पानं संपली!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. चौघं म्हणजे कोण? पहिले केणी सर. कॉलेजच्या प्राणीशास्त्राच्या लॅबमधून रिटायर झालेले. वसई तालुक्यातल्या सगळ्या फुलपाखरांची यादी करायची, हा त्यांचा ध्यास. दुसरा संदेश, फोटो स्टुडिओवाला. आवाज असा की फोटो काढताना 'स्माईल प्लीज' म्हटलं तर पलीकडच्या दुकानातलं गिऱ्हाईकही हसायचं. तिसरे होळी गावचे फ्रान्सिसकाका, फुलांची आणि केळींची बागाईत करणारे. आणि चौथी मी, कोर्टात स्टेनो. वही माझ्याकडे.

*

आमच्या पहिल्याच रविवारी आम्ही नालासोपाऱ्याहून कळंबची एसटी पकडली. सरांच्या हातात लांब दांड्याचं जाळं. समोरच्या सीटवर एक कोळीण मावशी, पायाशी रिकामी पाटी. तिनं जाळ्याकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, पुन्हा जाळ्याकडे पाहिलं.

"येवढ्याशा जाल्यात काय गावनार रे, मास्तर?"

"मासे नाहीत हो. फुलपाखरं पकडतो."

"आनि मंग? खाता?"

"छे छे! पकडतो, नीट बघतो आणि सोडून देतो."

मावशी सरांकडे बघतच राहिली. गाडी तीन स्टॉप पुढे गेली तरी बघतेच आहे. मग उतरताना तिनं पिशवीत हात घातला, सुके बोंबील काढले आणि सरांच्या हातात कोंबले.

"घे. रिकाम्या हातानं घरी जाशील, तर बायकोला काय सांगशील?"

*

लिंबावरचं फुलपाखरू कढीपत्त्यावरही अंडी घालतं. बाजारातून आणलेल्या कढीपत्त्याच्या जुडीत मला एक हिरवीगार आळी सापडली. मी ती बरणीत ठेवली, पाला घातला, तोंडाला फडकं बांधलं. चौथ्या दिवशी बघते तर बरणी रिकामी!

कोष करायची वेळ आली की आळी जागा शोधत भटकते. आमच्या आळीनं अख्ख्या घरात एकच जागा पसंत केली. टेलिफोन! शेपूट रिसीव्हरला चिकटवलेलं आणि कमरेचा रेशमी दोरा खालच्या डब्याला. रिसीव्हर उचलला की कोष तुटणार.

हा फोन म्हणजे आमच्या सासऱ्यांचा, अप्पांचा, जीव. नंबर लावून सात वर्षं थांबले होते बिचारे. फोन आला तेव्हा त्याला हार घातला होता. केणी सर घरी आले, भिंगातून कोष पाहिला आणि डॉक्टरांसारखे म्हणाले, "आठ ते दहा दिवस. उचलायचा नाही."

अप्पा काही बोलणार, इतक्यात सासूबाई म्हणाल्या, "लेकुरवाळं घर आहे. जीव तोडायचा नाही." विषय संपला.

नेमकं त्याच आठवड्यात माझ्या धाकट्या दिराचं, अजयचं, स्थळ पक्कं व्हायचं होतं. मुलीकडचे फोन करून होकार-नकार कळवणार होते. गुरुवारी सकाळी फोन वाजला. आम्ही सगळे भोवती उभे! घंटा वाजतेय, कोष थरथरतोय, अप्पांचा हात पुढे जातोय आणि सासूबाई तो मागे ओढताहेत. बावीस वेळा वाजून फोन थांबला. अजय खुर्चीत मटकन बसला. मुलगी त्याला फार आवडली होती.

मग सासूबाई पदर सावरून शेजारच्या पेरेरांकडे गेल्या आणि तिथून मुलीकडे फोन लावला. मीही सोबत होते.

"नमस्कार. नाही नाही, घरीच होतो. फोन चांगला चालू आहे. पण उचलता येत नाही हो. त्याच्यावर आळी झोपलीय."

मुलीच्या वडिलांना वाटलं, नकार द्यायची ही नवीन पद्धत. ते चिडून काहीतरी बोलले. तेवढ्यात फोन मुलीनंच घेतला. पहिलं वाक्य काय, तर "कढीपत्त्यावरची का लिंबावरची?"

लग्न तिथंच ठरलं!

दहाव्या दिवशी सकाळी कोष उकलला. फुलपाखरानं पंख वाळवले, दोन वेळा उघडमीट केली आणि खिडकीतून गेलं. अप्पा आंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून तयारच होते. त्यांनी दोन्ही हातांनी रिसीव्हर उचलला आणि कानाला लावला.

फोन डेड होता.

*

हळदीकुंकू नावाचं एक देखणं फुलपाखरू आहे. पिवळे आणि लाल ठिपके, अगदी करंडा सांडल्यासारखे. त्याच्या आळ्या बांडगुळावर वाढतात. केणी सरांच्या सोसायटीच्या गेटपाशी आंबा होता आणि आंब्यावर भलंमोठं बांडगूळ. कमिटीनं ते छाटायचं ठरवलं. सरांना कळल्यावर त्यांना अन्न गोड लागेना. त्यांनी सुवाच्य अक्षरात सोसायटीच्या फळ्यावर लिहिलं:

"आपल्या सोसायटीत गेली काही वर्षे असलेल्या बांडगुळाला कृपया कोणीही हात लावू नये. वरवर निरुपयोगी दिसले तरी त्याच्यावर एक सुंदर जीव अवलंबून आहे. – केणी, ब विंग."

सेक्रेटरींकडे त्यांचा मेहुणा चार वर्षं राहत होता. नोकरी शोधत होता म्हणे. संध्याकाळी सेक्रेटरी लालबुंद होऊन सरांच्या दारात! "घरगुती गोष्टी फळ्यावर लिहिता? आणि माझ्या बायकोला मध्ये आणता?"

सर भांबावले. "अहो, बायको कुठून आली?"

"सुंदर जीव कोण मग?"

सर समजावून सांगताहेत, सेक्रेटरी ऐकत नाहीत. एवढ्यात मागून तो मेहुणा स्वतः पुढे आला. डोळे भरलेले. वाकून सरांच्या पाया पडला आणि म्हणाला, "सर, चार वर्षांत माझ्या बाजूनं कुणी पहिल्यांदाच लिहिलं."

बांडगूळ राहिलं. दोन्ही!

*

संदेशकडे तेव्हा रोलचा कॅमेरा. छत्तीस फोटोंचा रोल अर्धवट ठेवायचा नाही, म्हणून लग्नात उरलेले फोटो तो रविवारी फुलपाखरांवर संपवायचा. धुऊन आले की वेगळे करायचे, इतकं सोपं. एकदा वेगळे करायचे राहिले आणि अल्बम चिकटवून थेट नवरीच्या घरी गेला.

अल्बम बघायला घर भरलेलं. हार घातले, सप्तपदी झाली, पान उलटलं, तर कण्हेरीच्या पानावर काळ्या फुलपाखरांची जोडी. पाठीला पाठ लावून, नको त्या अवस्थेत. फोटो चांगला मोठा करून, सोनेरी कोपऱ्यांत बसवलेला! अल्बम हातोहात फिरला. शेवटी नवरीच्या आत्यानं चष्मा पुसला, फोटो जवळ घेतला आणि विचारलं,

"हे आपल्याकडचे की त्यांच्याकडचे?"

*

त्या काळात फुलपाखरांना मराठी नावं फारशी रुळलेली नव्हती. आम्ही इंग्रजीच वापरायचो. आणि ही नावं ठेवणारे साहेब बहुधा पलटणीतले असावेत. सेलर, सार्जंट, कमांडर, शिवाय नवाब आणि राजा!

एक वर्ष किनाऱ्यावर बंदोबस्त कडक होता. कुणी परकं दिसलं की पोलीस हटकायचे. आम्हाला त्याचा पत्ताच नाही. कळंबच्या सुरूच्या बनामागे, वाड्यांच्या कडेला आम्ही पांगलो होतो. संदेशनं आपला जगप्रसिद्ध आवाज लावला: "सर! कमांडर आला! दोन सेलर कुंपणातून आत शिरले! नवाबाची वाट बघू का?"

पाच मिनिटांत आम्ही चौकीत.

साहेबांनी माझी वही उघडली. माझी वही शॉर्टहँडमध्ये. नुसत्या रेघा, आकडे आणि ठिपके. साहेबांनी ती सरळ धरली, मग उलटी धरली.

"ही कसली सांकेतिक भाषा?"

"शॉर्टहँड आहे, साहेब. मी कोर्टात स्टेनो आहे."

"वाचा."

कोर्टात दुसऱ्यांचे जबाब टिपताना कधी अडले नाही, इथं स्वतःचंच अक्षर लागेना. तरी वाचलं. "सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं. कमांडर, एक. सेलर, दोन, कुंपणाजवळ. सार्जंट, मादी."

साहेबांनी मान वर केली. "बाई पण आहेत?"

"नवाब दिसला नाही," मी पुढचं वाचलं.

"हा नवाब राहतो कुठं?"

सरांना वाटलं, साहेबांना विषयात रस आहे. ते खुर्ची पुढे ओढून खुलले. "बाभळीवर वाढतो. मोठा झाला की उंच झाडांच्या शेंड्याला. पण खाली येतो हं. सडका खेकडा ठेवा, हमखास येतो!"

साहेबांचं पेन थांबलं. त्यांनी फ्रान्सिसकाकांकडे पाहिलं. काकांच्या मांडीवर डबा होता. डब्यात तीन दिवसांचा खेकडा होता. नवाबासाठीच आणलेला. हवालदारानं झाकण उघडलं आणि चौकीतले सगळे बाहेर आले.

बाहेरच्या मोकळ्या हवेत मग उलगडा झाला. सरांनी पुस्तक दाखवलं, चित्रं दाखवली. साहेब हसले, चहा मागवला. पण बोलावून आणलंय म्हटल्यावर डायरीत काहीतरी नोंद हवी. हवालदारानं विचार करकरून लिहिलं आणि आम्हाला वाचून दाखवलं:

"सदर चार इसम दिवसाढवळ्या किड्यांच्या मागे धावत असताना मिळून आले. कारण विचारता त्यांनी समाधानकारक उत्तर दिले. ते आम्हास समजले नाही."

*

आता शेवटचा घोळ. फ्रान्सिसकाकांच्या जागेचा सौदा का मोडला, याबद्दल होळी गावात वेगवेगळं सांगतात. मी तिथं उभी होते, म्हणून सांगते.

काकांची वाडी चार भावांची. मधोमध बावखल, म्हणजे आमच्याकडचं पाणी साठवायचं मोठं तळं, आणि त्याच्या कडेनं केळी. तिघा भावांना वाडी विकायची होती, काकांना नाही. तीन विरुद्ध एक. काकांनी वाद घातला नाही, पण त्या आठवड्यात ते निम्मे झाले. सरांना एवढंच म्हणाले, "बावखल बुजवलं ना सर, की मग मी सकाळी उठून जाऊ कुठं?" आम्ही तिघं रविवारी नुसते सोबत म्हणून गेलो.

एजंट गिऱ्हाईक घेऊन आला. दादरचं एक जोडपं, साठीच्या आसपासचं. बंगला बांधायचा होता. तिघे भाऊ कडक इस्त्रीचे शर्ट घालून बांधावर ओळीनं उभे. एजंट हवा-पाण्याचं कौतुक करत होता आणि बाईंचं लक्ष भलतीकडेच. बावखलाच्या काठी ओल्या मातीत पिवळी-पांढरी फुलपाखरं बसलेली. दहा-वीस नाही, नुसता सडा! बाई जवळ गेल्या तशी सगळी उठली आणि त्यांच्याभोवती फिरून पुन्हा तिथंच बसली.

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "अहो, हीच जागा घ्यायची."

एजंट खूश. भाऊ खूश. काकांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"ही रोज येतात?" बाईंनी काकांना विचारलं.

"रोज."

"बरोब्बर इथंच?"

"इथंच."

"का बरं?"

सर घाईघाईनं मध्ये पडले. "ही सगळी नर फुलपाखरं. ओल्या मातीतले क्षार शोषून घेतात. त्यांना लागतात."

"आणि या मातीत क्षार कुठून आले?"

सरांनी काकांकडे पाहिलं. काकांनी आयुष्यात खोटं बोललेलं मी ऐकलेलं नाही. त्यांनी केळीखाली बांधलेल्या म्हाताऱ्या बैलाकडे बोट दाखवलं. पाण्याला पंप लागल्यापासून त्याला काम नव्हतं, पण काकांनी त्याला विकला नव्हता. "त्याचे. रोज सकाळी मी त्याला इथंच आणून उभा करतो. त्याचं मुतून झालं की ही येतात."

एजंटानं कपाळाला हात लावला. पण बाई पक्क्या होत्या. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "मग बैलासकट घेऊ."

नवऱ्यानं मान डोलावली. एजंटानं मान डोलावली. बांधावरच्या तिघांनी मान डोलावली.

"बैल म्हातारा आहे, बाई," काका म्हणाले. "फार तर दोन वर्षं."

"मग त्यानंतर हो? फुलपाखरांचं काय?"

काकांनी टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. कडक इस्त्रीतल्या आपल्या भावांकडे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नीट पाहून घेतलं आणि अगदी मनापासून म्हणाले,

"त्याची काळजी नको. हे तिघं आहेत ना!"