पदर नाकाला

तीन वर्षांपूर्वी मी एक गाढवपणा केला. एका शालीपायी नातीचं कॉलेज ठरवलं. तेव्हा मी अवघी चौसष्ट वर्षांची होते, अक्कल यायची होती.

बारावीचा निकाल लागला की आमच्या जळगावात कॉलेजवाले हॉल घेऊन सत्कार करतात. पोरांना बॅगा आणि घरच्यांना शाली. धुळ्याबाहेरच्या एका नव्या कॉलेजने तर मला 'आदर्श आजी' म्हणून स्टेजवर बसवलं. माझा आदर्श एवढाच, की पोर अभ्यासाला बसली की मी तिला मालिका बघायला हाक मारायचे. तरी बसले मान वाकडी करून. शाल असली टोचरी, पुढे इस्त्रीखाली अंथरली.

तीच शाल मिरवत मी फॉर्म भरायला भाऊंकडे गेले. बसस्टँडजवळ त्यांचं झेरॉक्सचं दुकान. असा एखादा फॉर्म भरून देणारा तुमच्याही गावात असेल. पण भाऊ कॉलेजांची गुळगुळीत माहितीपुस्तकं मेल्या उंदरासारखी दोन बोटांत धरायचे आणि टेबलाखालच्या खोक्यात सोडायचे.

"कारंजं झ्याक शे," म्हणायचे. "मुलींचा संडास पाहिला का?"

दर मे महिन्यात ते जुन्या स्कूटरवर वहिनींना मागे बसवून कॉलेजं पाहत हिंडायचे. मुलींच्या संडासात पुरुषमाणूस कसा जाणार? वहिनी जायच्या, भाऊ बाहेर उभे. वहिनी तोंडाने काही सांगत नसत. बाहेर येताना पदर खांद्यावर असला तर कॉलेज यादीत राहायचं. नाकाला असला तर कट.

आमच्या यादीत नऊ नावं होती. चहा संपेस्तोवर भाऊंनी लाल पेनाने सहा उडवली. सहावं माझं शालवालं.

"हे का हो?"

"पदर नाकाला."

"अहो भाऊ, पोरगी इंजिनिअर व्हायला चाललीय, हागायला नाही!"

दुकानातली पोरं फिस्सकन हसली. मला वाटलं, जिंकले. भाऊ हसले नाहीत.

"कॉलेज आठ तास शे, अक्का."

नातीला उरलेल्या तिनातलं पिवळ्या भिंतींचं जुनं कॉलेज हवं होतं. ती गप्प बसली, कारण मी गप्प बसत नव्हते. मी शालवाल्याचं नाव परत घालायला लावलं, तेही एक नंबरला. "एक नंबरचं लागलं तर तेच घ्यावं लागेल, मागे फिरता येत नाही," भाऊंनी दोनदा बजावलं.

तेच लागलं.

नात धुळ्याला आत्याकडे राहून कॉलेजला जाऊ लागली. दिवाळीपर्यंत दोनदा लघवीला जळजळ, ताप, सलाईन. डॉक्टरबाईंनी खोदून विचारलं तेव्हा कळलं, पोर सकाळपासून पाणीच पीत नव्हती.

"का गं?"

"प्यायलं की जावं लागतं ना, आजी."

मी जाऊन पाहिलं. दारात कारंजं थुईथुई नाचत होतं, खाली निळे दिवे. मागे मुलींचा संडास. नळ कोरडा. दाराला कडी नाही, ओढणी बांधलेली. खिडकीत कागदात गुंडाळलेल्या पुड्यांचा ढीग, त्यावर माशा. खाली काय होतं ते लिहीत नाही, तुम्हाला जेवायचं असेल. मी पदर नाकाला लावून बाहेर आले आणि थेट कारंज्यात ओकले. चुकून नाही, नेम धरून.

दुसऱ्या वर्षाला कॉलेज बदलता येतं. नातीने पाच नावांची नवी यादी केली. ती घेऊन, आता भाऊंच्या शिव्या खायच्या असं ठरवून मी दुकानी गेले. शटर बंद. शेजारचा चहावाला म्हणाला, भाऊ एप्रिलात गेले.

मी तशीच त्यांच्या घरी गेले. वहिनी ओट्यावर एकट्याच गहू निवडत होत्या. मी सगळं कबूल केलं. शाल, नळ, दुकानात केलेला तो घाणेरडा विनोदसुद्धा. त्या ऐकत राहिल्या. मग हात पुसले, यादी घेतली, चष्मा लावून पाचही नावं वाचली. इतक्या वर्षांत त्यांचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

"हे गेले, अक्का. नाक माझंच होतं. उद्या कितीची गाडी पकडायची?"