जेवणानंतरचं कथाकथन

माझे वडील, आबा, फौजेतून निवृत्त होऊन पाटणजवळच्या आमच्या गावी आले, तेव्हापासून रोज संध्याकाळी आईला पुस्तक वाचून दाखवायचे. आईला अक्षरओळख नव्हती. भाकरी थापता थापता ती ऐकायची आणि आबा दम घ्यायला थांबले की "मग?" म्हणायची. आई गेली, पण आबांचं वाचन थांबलं नाही. तालुक्याच्या वाचनालयातून पुस्तक आणायचं, चुलीसमोर बसून मोठ्यानं वाचायचं आणि पानाच्या शेवटी जरा थांबायचं. "मग?" येणार नाही हे माहीत असून थांबायचं.

हे मी एकाच माणसाला सांगितलं होतं. सांगलीला आमच्या शाळेत शिकवणारी माझी मैत्रीण, कथाकथनही करते. सांगताना मला रडू आवरेना, तर तिनं माझे हात हातात घेतले. तिचेही डोळे भरले होते. ते खोटं नव्हतं, हेच मला अजून छळतं.

पुढे आमच्या गावाजवळच्याच एका गावच्या साहित्य संमेलनात तिचं कथाकथन ठरलं. आबांना पुस्तकांचं वेड, म्हणून मीच हौसेनं त्यांना घेऊन गेले. स्वच्छ फेटा बांधून ते पुढच्या रांगेत बसले. आमच्याकडे कथाकथन ठेवतात ते जेवणानंतर. मसालेभात आणि जिलेबी खाऊन मंडप पेंगायला लागलेला असतो, त्याला जागं ठेवायचं काम कथा सांगणाऱ्याचं. तिनं ते चोख केलं. एक म्हातारा फौजी, बायको मेल्यावर प्रेमाच्या कादंबऱ्या वाचून दाखवतो. कुणाला? तर म्हशीला. पान संपलं की म्हैस "मग?" म्हटल्यासारखी रेकते आणि दूधही जास्त देते. लोकांनी, त्यात आमच्या गावचेही होते, मंडप डोक्यावर घेतला. मी आबांकडे बघायचं टाळत होते, तरी दिसलंच. तेही हसत होते, शेजारचे हसतात म्हणून हसावं तसे.

मंडपामागे मी तिला गाठलं.

"अगं, जेवणानंतरचं सत्र," ती म्हणाली. "रडवलं तर माणसं उठून जातात. आणि मी कुणाचं नाव घेतलंय का? गोष्ट एकदा सांगितली की सगळ्यांची होते."

सगळ्यांची म्हणे! मग माझ्या आईची जागा म्हशीला द्यायला हिला कुणी सांगितलं होतं? साहित्य दुसऱ्याचं दुःख आपलं करायला शिकवतं, असं मी दरवर्षी फळ्यासमोर उभी राहून मुलांना सांगत आले. हिनं केलंच की आपलं, उचलून घेऊनच गेली. विश्वासघात हा शब्द मला नाटकी वाटायचा. आता वाटत नाही.

परतताना गाडीत आबा एवढंच म्हणाले, "बाई लय झ्याक बोलली. माणसं हसली." घरातली गोष्ट बाहेर कशी गेली, हे त्यांनी मला विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

पुढच्या रविवारी गावी गेले. आबा पुस्तक घेऊन बसले होते, ओठ मिटून. मला राहवलं नाही.

"आबा, मोठ्यानं वाचा की. मी ऐकते."

"नगं. शेजारपाजारची आता कान देऊन बसत्यात. मनातच वाचतो."

"मनात तर मनात. वाचताय ना?"

"वाचतोय की," त्यांनी पान उलटलं. "पन मनातलं तुझ्या आईला कसं ऐकू जाईल गं?"