लिंबापलीकडचं टेकाड

बाबांची रक्षा गढमुक्तेश्वरला गंगेत सोडली. थोडी आईने स्टीलच्या डब्यात राखून ठेवली. ती टेकाडापाशी न्यायची, हे तिचं ठरलेलं होतं.

बाबा सरकारी नोकरीत उत्खननं करायचे. यमुनेपलीकडे, उसाच्या शेतांमध्ये त्यांना लोखंड माहीत नसलेल्या माणसांची वस्ती सापडली, आणि तिच्यापासून जरा दूर टेकाडात कच्च्या विटांचा गोल चौथरा. त्यावर ओळीने अग्निकुंडं. लोक तिथे राहत नसत, फक्त कार्यासाठी जमत, असं ते म्हणायचे. काम संपल्यावर त्यांनी चौथऱ्यावर निळं प्लास्टिक अंथरलं, त्या वर्षीचं एक नाणं ठेवलं आणि सगळं पुन्हा बुजवलं. पुढे खणणाऱ्याला कळावं, आधी कुणी येऊन गेलंय. उघडं ठेवलेलं पावसात जातं, झाकलेलं टिकतं, असा त्यांचा विश्वास.

आई एकदा बाबांना म्हणाली होती, "माझी राख तिथेच टाका. म्हणजे भेटायला तरी याल."

"वेडी की काय? पुढचा माणूस कोळशावरून काळ ठरवणार. तुझी राख मिसळली की त्याचा हिशेब चुकला. बाहेर लिंबाखाली चालेल."

मार्चमध्ये आम्ही दोघी नोएडाहून कॅबने गेलो. लिंब होता. त्याच्या पलीकडे सपाट जमीन होती, जेसीबीच्या दातांचे ओरखडे असलेली. एका ढेकळातून निळ्या प्लास्टिकची चिंधी लोंबत होती.

ट्रॅक्टरवरच्या माणसाला आईने विचारलं, "भैया, यहाँ टीला था न?"

"मिट्टी तो भराव में गई, आंटी. नोएडा साइड, सोसायटी बन रही है." मग जरा अवघडून म्हणाला, "साहब लोग खुद बंद करके गए थे. हमने सोचा, काम का कुछ निकला नहीं."

ही शक्यता बाबांना कधी सुचली नसावी. इतकं वाचलेला माणूस, पण गावात कुणाला चार वाक्यं सांगून यायचं राहिलं. झाकलं, की त्यांच्या लेखी सांगून झालं.

मी डबा घेऊन लिंबाकडे वळले.

"तिकडे कशाला?" आई म्हणाली. "इथेच ओत, मधोमध. आता कुणाचा हिशेब चुकायचाय?"

मी ओतली. चाकाच्या खाचेत ती पांढरी दिसत राहिली. आईने वाकून सवयीने तिच्यावर माती लोटली. मग थांबली, आणि ती माती हाताने पुन्हा बाजूला केली.