तळ स्वच्छ होता

पाणीपुरवठा केंद्रावरचे तुरटीकाका माणसांचे प्रकार पाण्यावरून पाडत. एक मिठासारखा, संसारात असा विरघळतो की शोधून सापडत नाही. हे काका स्वतः. दुसरा मातीसारखा, ढवळाल तोवर फिरतो, सोडला की तळाशी बसतो. हा त्यांचा मेहुणा. तळ म्हणजे काकांचा सोफा. तिसराही प्रकार असतो, दुधासारखा, ना विरघळणारा ना बसणारा. पण तसा नातेवाईक नसल्यामुळे काकांनी त्यावर फारसा विचार केला नव्हता. आणि घोळ तिथेच झाला.

केंद्रातलं तपासणीचं यंत्र महिन्यापूर्वी दुरुस्तीला गेलं होतं. "माझी नजर आहे ना!" असं म्हणून काकांनी कारभार हाती घेतला. रोज संध्याकाळी गाळलेल्या पाण्याचा ग्लास खिडकीत ठेवायचा, सकाळी तळ बघायचा. तळाशी गाळ नाही? मग नोंदवहीत 'पाणी स्वच्छ' आणि खाली मंत्र्याला शोभेल अशी झोकदार सही.

आजही सही झाली होती. अकराला मोठा व्हॉल्व्ह उघडायचा, म्हणून साडेदहाला काका ग्रीस आणायला कोठीत शिरले. कोठीतला दिवा गेलेला. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात ओतून द्यायला घेतलेला खिडकीतला ग्लास. टॉर्चचा झोत ग्लासातून गेला आणि काकांचे पाय जागीच रुतले.

पाण्यात पांढरट पट्टा उमटला होता. धुक्यात गाडीच्या दिव्याचा दिसतो, अगदी तसा.

त्यांनी फळीवरचं बॅटरीचं शुद्ध पाणी काढलं, डब्यातलं चिमूटभर मीठ त्यात विरघळवलं आणि टॉर्च मारला. पट्टा नाही. विरघळलेलं पट्टा उमटवत नाही. पुन्हा खिडकीतला ग्लास. पट्टा! म्हणजे हे ना विरघळलेलं, ना तळाला बसलेलं. दुधासारखं.

"काका, व्हॉल्व्ह?" दारात केंद्राच्या इंजिनिअर मॅडम उभ्या होत्या, वयाने काकांच्या मुलीएवढ्या. "रुग्णालयाची टाकी संपत आलीय. तीनदा फोन आला."

"उघडू नका."

"अहो, सकाळी तुम्हीच स्वच्छ लिहिलंत!"

"तळ बघून लिहिलं. ही माती तळाला बसणारी नाही, वर्षभर ठेवलीत तरी. वाळूच्या गाळणीतूनही निसटलीय. हे बघा."

मॅडमनी पट्टा पाहिला. "कलिल," त्या पुटपुटल्या. "पाण्यात तरंगत राहणारे बारीक कण. वर कालवा खणताहेत, तिथली चिकणमाती असणार. नेहमीची तुरटी पुरली नाही. आणि काका, जंतू या मातीआड लपले तर क्लोरीनलाही दाद देत नाहीत."

"म्हणून तर म्हणतो."

"पुढच्या महिन्यात तुमची निवृत्ती. नोंद खोडली तर चौकशी लागेल."

"लागू दे. मेहुणा तेवढा खूश होईल, सोफ्यावर सोबत मिळाली म्हणून."

विनोद काकांनाच हसवेना. त्यांनी वही ओढली, सहीवरून आडवी रेघ मारली. रेघ भलतीच वाकडी आली. मग दोघांनी सहा काचेच्या भांड्यांत पाणी भरलं, प्रत्येकात तुरटी थोडी थोडी वाढवत टाकली आणि हळूहळू ढवळत राहिले. अकरा वाजले. पाणी जसंच्या तसं. सव्वाअकरा. काका पाण्याकडे असे बघत होते, जणू रागावून ते ऐकेल. शेवटी चौथ्या भांड्यात कापसासारखे पुंजके धरू लागले, जड झाले, तळाकडे निघाले. वरच्या पाण्यात टॉर्चचा पट्टा उमटेना.

"सापडलं प्रमाण!" मॅडम ओरडल्या. "संध्याकाळपर्यंत टाकी निवळेल."

तेवढ्यात फोन खणखणला. मॅडम उचलणार, तर काकांनीच उचलला. पलीकडे रुग्णालयाच्या मेट्रनबाई.

"काका, अहो पाणी कुठाय?"

"व्हॉल्व्ह बंद ठेवलाय, बाई. पाण्यात बारीक माती आहे. चूक माझी, मीच स्वच्छ लिहिलं होतं. विहिरीवरून टँकर पाठवतोय, अर्ध्या तासात पोचेल."

बाईंनी हळू विचारलं, "आणि काल सोडलंत ते?"

काकांनी कालचं पान उलटलं. 'पाणी स्वच्छ.' सही कालचीही झोकदारच होती.

"माहीत नाही, बाई. कालही मी फक्त तळच बघितला होता. उकळल्याशिवाय कुणाला थेंबही देऊ नका."

रिसीव्हर टेबलावर आपटल्याचा आवाज आला आणि मेट्रनबाईंची हाक लांब जात राहिली, "पाण्याची भांडी उचला! आधी मुलांच्या वॉर्डातली!"

काका रिसीव्हर कानाला लावून तसेच उभे राहिले.