कुणाचा वर्ग, तेही सांग

धाकट्या बहिणीला शाहूपुरीतल्या क्लासमध्ये नोकरीसाठी पाठ द्यायचा होता. एकपासून ओळीने विषम संख्या मिळवल्या की बेरीज वर्गसंख्याच येते, हे सिद्ध करायचे होते. आतापर्यंतची बेरीज वर्ग मानली, तरी पुढची संख्या मिळवून पुन्हा वर्गच का यावा, हे तिला दाखवता येईना. मी तिला मंगळवार पेठेत तिच्या जुन्या सरांकडे नेले.

"कमी म्हणतीयस, म्हणून अडतंय. कुणाचा वर्ग, ते पण सांग की."

"एवढंच जमंना सर, आणि जास्त कुठलं?"

"जास्त धर. मग जास्त हाताला लागतंय."

जितक्या संख्या, तितक्याचा वर्ग, असे तिने मांडले. पाच संख्यांचे पंचवीस. पुढची संख्या पाचाच्या दुपटीहून एकने जास्त, म्हणजे अकरा; ती मिळवली की छत्तीस, सहाचा वर्ग. प्रत्येक पायरी तशीच सुटली.

नोकरी मिळाली. पेढे घेताना सरांनी विचारले, "पोरं कुठं अडली?"

"मी अडलेली तिथंच."