खालाच्या अंगणाकडची खिडकी

सुमनताई वाघमारे कुठल्याही सरकारी कचेरीत शिरल्या की काम सांगण्याआधी खुर्ची मागत. खुर्ची नसली तर शिपायाचं स्टूल ओढून घेत. "उभ्या माणसाचं काम उभ्या उभ्याच वापस येतंय, सर," असं मला बजावत, आणि मग मीही कुठल्यातरी बाकाच्या टोकाला टेकत असे. मानवतच्या शाळेत त्या मुख्याध्यापिका होत्या आणि मी चित्रकला शिकवायचो. निवृत्त झाल्यावरही त्यांनी मला हक्काने कामाला जुंपणं सोडलं नाही.

या खेपेचं काम खिडकीचं होतं. त्यांचं घर म्हणजे निजामाच्या राजवटीत जकात वसूल करणाऱ्या अंमलदारासाठी बांधलेली दगडी इमारत. ताईंचे यजमान एसटीत चालक होते, सगळे त्यांना दादा म्हणत. कुणी फुकट घेईना तेव्हा दादांनी ती इमारत विकत घेतली. पुढे कधीतरी सरकारने दारावर 'संरक्षित वास्तू' असा फलक लावला, आणि खिळा ठोकायचा म्हटलं तरी संमती घ्यायची वेळ आली. ताई हसायच्या. "आमच्या आज्याला ह्या दाराम्होरून चपला हातात घेऊन जावं लागायचं. आता सरकार मलाच म्हणतंय, दार जपा. जपते की!"

दादांना पक्षाघात झाला आणि हसणं संपलं. न्हाणीला लागून तळमजल्यावर एकच खोली होती, तिथे त्यांची खाट पडली. खोलीला एक खिडकी. खालच्या अर्ध्या भागात तिरप्या पट्ट्यांची झिलमिली, वर भरीव सागवानी फळी. चौकट वाळवीने पोखरलेली आणि दारं फुगून अशी बसलेली की कैक वर्षांत कुणी ती उघडलीच नव्हती. भर दुपारी दिवा लागे. जन्मभर काचेतून समोरचा रस्ता बघत आलेला माणूस भिंतीकडे तोंड करून पडायचा. जीभ जड झाली होती, पण एक शब्द ओढून ओढून यायचा. "उजेड."

पूर्ण काचेची खिडकी बसवायची असं ताईंनी ठरवलं. नकाशा मी काढून दिला. परभणीच्या कार्यालयातले साहेब सज्जन होते, पण ताकही फुंकून पिणारे. "मॅडम, आज तुम्हाला खिडकी दिली तर उद्या दुसरा कुणी लोखंडी शटर मागेल."

"तुमी नाही म्हणा, साहेब," ताई स्टुलावरून शांतपणे म्हणाल्या, "मी पुन्हा येते."

त्या खरंच पुन्हा पुन्हा गेल्या. शेवटी साहेब स्वतः पाहणीला आले, दादांच्या खाटेच्या कडेला बसले, अंधाऱ्या खिडकीकडे बघत राहिले, आणि चहाही न घेता परतले. थोड्याच दिवसांत संमती आली. त्या संध्याकाळी ताईंनी आख्ख्या गल्लीला पेढे वाटले.

मिस्तरीने माप घ्यायला जुनी दारं उतरवली तेव्हा मी तिथेच होतो. खोलीत ऊन असं घुसलं की दादांनी धड असलेला हात डोळ्यांवर धरला आणि ते हसले. आजारपणात मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहत होतो. मग मी बाहेर बघितलं. पलीकडे शेजारच्या मुस्लिम बाईंचं अंगण होतं, सगळी गल्ली त्यांना खाला म्हणे. खालाच्या सुना भांडी घासत होत्या. आम्ही दिसताच त्यांनी ओढण्या ओढल्या आणि भांडी तशीच टाकून त्या आत गेल्या. जरा वेळाने खाला आली, दोरीवर चादर पसरली आणि आमच्याकडे न बघता निघून गेली. जुन्या माणसांनी झिलमिली कशासाठी लावली होती ते तेव्हा आमच्या डोक्यात शिरलं.

"बसवा वापस," ताई म्हणाल्या.

मिस्तरी गोंधळला. "ताई, परवानगी हाय ना?"

"कचेरीची हाय. हिची कुठं घेतली?"

"दादांकडे बघा तरी!" मी ओरडलोच. ताईंनी बघितलं. दारं पुन्हा बसली.

मग त्या खालाकडे गेल्या, मीही पाठोपाठ. खाला म्हणाली, "लगा लेव ना ताई. बीमार आदमी का घर है. हम चद्दर टांग लेते."

"रोज?"

"रोज."

परत येताना ताई वाटेतच थांबल्या. "तिनं नाही म्हणलं असतं तर मी भांडले असते, सर. हो म्हणली, तिथंच अडकले. आमच्या लोकांचं हो लोक असंच धरायचे. विचारल्यावाणी करायचे अन् धरून चालायचे."

तोड त्यांनीच काढली. पडलेल्या माणसाची नजर वर असते, तेव्हा वरच्या फळीच्या जागी काच घालायची आणि खाली झिलमिली तशीच नवी करायची. पण संमती पूर्ण काचेच्या नकाशाला होती. नवा नकाशा, नवा अर्ज. साहेब चक्रावले. "मिळालेलं कमी करून मागणारं पहिलंच माणूस बघतोय!" करून देतो म्हणाले, पण कागद कागदाच्या चालीने चालला.

त्या मधल्या दिवसांतच दादा गेले. भर दुपारी, दिव्याच्या उजेडात.

मला ताईंचा राग आला होता. बुद्धवंदना झाली, लोक पांगले, आणि मी बरेच दिवस त्यांच्या घराकडे फिरकलो नाही. संमती आल्याचं आणि खिडकी बसल्याचं मला मिस्तरीकडून कळलं. आता ती कुणासाठी, असं मनात आलं.

पुढे ताईच अंथरुणाला खिळल्याचं कळलं आणि राहवेना. ती आमची शेवटची भेट. त्या त्याच खाटेवर होत्या. वरच्या काचेतून ऊन त्यांच्या हातांवर पडलं होतं. झिलमिलीपलीकडे खालाच्या सुना कशावरून तरी मोठ्यानं हसत होत्या.

"छान उजेड आहे, ताई," मी म्हणालो.

"लय छान हाय. रोज सकाळी ऊन आत आलं की पयलं हेच वाटतंय, ह्यांना देता आला असता. एक चादर टांगू दिली असती, तर देता आला असता." त्यांचे डोळे भरून आले. ते पुसायला हात उचलत नव्हता, म्हणून मीच पुसले.

पलीकडचं हसणं चालूच होतं. ताई ते ऐकत राहिल्या.

"तरी पुन्हा वेळ आली ना सर," त्या म्हणाल्या, "तर पुन्हा विचारूनच लावीन. अन् पुन्हा अशीच रडीन."